गाडीला घरीच नवे लाइट बसवले अन् घोटाळा झाला? बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतो, आधी हे तपासा

कारखान्यांची धुराडी पेटली की जिल्ह्यातले रस्ते रात्रीही वाहते होतात. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दुधाचे टेम्पो, पहाटे मार्केट यार्डाकडे निघालेले पिकअप. पाटणकडून कुंभार्ली घाट उतरणाऱ्याला किंवा वाईहून पसरणी घाट चढणाऱ्याला गाडीचा उजेड कमी पडतो, ही तक्रार जुनीच आहे. त्यात मोबाईलवर जाहिरात येते : एलईडी बल्बची जोडी, दहा मिनिटांत घरीच बसवा, दुप्पट-तिप्पट उजेड. रविवारी अंगणात बॉनेट उघडलं जातं, आणि मग सुरू होतात भानगडी. एकच लाइट लागतो. इंडिकेटर वेड्यासारखा फडफडतो. फ्यूज उडतो. होल्डर वितळतो. समोरचा माणूस शिव्या घालत जातो.

यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी सुधारता येतात. फक्त कुठून शोधायला सुरुवात करायची, ते कळलं पाहिजे. आणि काही ठिकाणी हात न लावलेलाच बरा, तेही खाली सांगितलं आहे.

मुळात उजेड कमी का पडत होता?

नवा बल्ब मागवण्याआधी हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो, अप्परला ६० वॉट आणि डिपरला ५५ वॉट. हा बल्ब नीट वीज मिळाली तर चांगला चालतो. पण हॅलोजनचा स्वभाव असा, की त्याच्यापर्यंत पोहोचणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं, तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत स्विच, होल्डर, गंजलेली अर्थ यांतच एक-दीड व्होल्ट सहज हरवतो.

हे मोजायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. मोटरच्या स्टार्टरसाठी अनेकांच्या घरी तो असतोच. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर आधी अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरीची टोकं बघा. लाइटचा विषय नंतर.

पुढची तपासणी गंमतीची आहे. डिपर चालू ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या होल्डरमधल्या प्लस वायरवर लावा. मीटर जो आकडा दाखवेल, तेवढं व्होल्टेज वाटेत खाल्लं जातंय. मग तसंच मायनसच्या बाजूनं : एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बल्बच्या अर्थवर. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मायनसच्या बाजूला जास्त आलं, तर अर्थची वायर पत्र्याला जिथे बोल्टनं आवळली आहे ती जागा शोधा, पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, परत घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. कित्येक गाड्यांचा उजेड एवढ्यावरच परत येतो. खर्च चहाच्या पैशात.

दुसरं कारण डोळ्यांसमोर असतं, ते म्हणजे पिवळी पडलेली काच. ती खरं तर काच नाही, प्लॅस्टिक आहे. उन्हानं ती मळकट होते आणि आतला बल्ब कितीही भारी असला तरी उजेड तिथेच अडतो. टूथपेस्टनं घासण्याचा उपाय मोबाईलवर फिरतो. त्यानं चार दिवस बरं दिसतं. नीट करायचं तर पाणी मारत ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पेपर, त्यानंतर पॉलिश, आणि शेवटी ऊन रोखणारा पारदर्शक कोट. हा कोट मारला नाही तर काच काही महिन्यांत परत पिवळी, आणि आधीपेक्षा लवकर.

१००/९० वॉटचा बल्ब आणि वितळलेला होल्डर

एलईडी नको म्हणणारे बरेच जण दुकानातून १००/९० वॉटचा हॅलोजन आणतात. बसतो तो त्याच होल्डरमध्ये, म्हणून वाटतं चालतंय. हिशेब करून बघा. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॉटचा ८.३ अँपिअर. वायर गरम होते ती अँपिअरच्या वर्गाच्या हिशेबानं. म्हणजे करंट दीडपटीपेक्षा थोडा जास्त झाला, पण वायरीतली, स्विचमधली आणि होल्डरमधली उष्णता जवळपास पावणेतीन पट झाली. कंपनीनं त्या वायरी ६० वॉटसाठी टाकलेल्या असतात.

परिणाम लगेच दिसत नाही, ही खरी अडचण आहे. आठ-पंधरा दिवस छान उजेड मिळतो. मग होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं, आतली पत्ती सैल होते, सैल झाली की आणखी तापते. एक दिवस एका बाजूचा लाइट जातो. माणूस म्हणतो, बल्ब फालतू निघाला. नवा बल्ब टाकतो, तोही जातो. होल्डर काढून बघा. तोंडाशी काळपट किंवा वितळल्यासारखं दिसलं तर बल्ब बदलून उपयोग नाही. होल्डरच बदला, आणि त्याच्यामागची दोन-तीन इंच वायर कडक झाली असेल तर तेवढी कापून टाका. आणि ६०/५५ वर परत या.

कधी कधी होल्डरच्या आधी फ्यूज उडतो. तो तुमचा मित्र आहे. इथे सगळ्यात धोकादायक खेळ होतो : १० चा लाल फ्यूज काढून २० चा पिवळा घालायचा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदाची पट्टी गुंडाळून बसवायची. लाइट लागतो, सगळे खूश. पण आता जास्त करंट गेला तर फ्यूज जळणार नाही, वायर जळेल. ती वायर इतर पंधरा वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते. गाडीला आग लागायला एवढं पुरतं. फ्यूज परत परत उडत असेल तर त्याच अँपिअरचा घाला आणि वायर कुठे घासली आहे, कुठे शॉर्ट होतेय, ते शोधा.

उजेड खरंच वाढवायचा असेल तर आधी रिलेची तयार वायरिंग बसवा, बल्ब ६०/५५ चाच ठेवा. यात जाड वायरीतून वीज थेट बॅटरीवरून बल्बला जाते आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो. रिलेवर नंबर छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून बल्बकडे, ८६ वर जुन्या हेडलाइटच्या वायरीचा इशारा, ८५ अर्थला. बसवणाऱ्यांच्या दोन चुका ठरलेल्या. एक, बॅटरीकडून येणाऱ्या वायरीचा फ्यूज पार रिलेजवळ लावतात किंवा लावतच नाहीत. तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, नाहीतर मधली वायर पत्र्याला घासली की तिला अडवणारं कुणी नाही. दुसरी, विहिरीच्या मोटरची किंवा घराच्या वायरिंगची उरलेली वायर इंजिनजवळून नेतात आणि सांध्याला काळी टेप गुंडाळतात. बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होतो, टेप उलगडते. सांधा दाबून किंवा सोल्डर करून करा, वर हीटवर आवळणारी नळी चढवा.

एलईडी बसवला, पण...

आता एलईडीकडे. पहिली गोष्ट, डब्यावर लिहिलेल्या वॉटवर जाऊ नका. २०० वॉट असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. खरोखर २०० वॉट असते तर एका बल्बनं सुमारे १५ अँपिअर ओढले असते आणि पहिल्याच मिनिटाला तुमचा १० चा फ्यूज उडाला असता. तो उडत नाही, यातच काय ते समजा.

एक बाजू लागते, दुसरी नाही. घाबरू नका. डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून बघा. अंधार बल्बबरोबर सरकला तर बल्ब खराब. अंधार त्याच बाजूला राहिला तर होल्डर, फ्यूज किंवा अर्थ. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या लाइटचे फ्यूज वेगळे असतात, तेही बघा. दोन्ही लाइट एकदम गेले तर रिले, स्विच किंवा दोघांची मिळून असलेली अर्थ. ही अदलाबदलीची युक्ती साधी आहे, पण नवा बल्ब परत पाठवण्याची खटपट वाचवते.

पार्किंगचे छोटे बल्ब आणि आतला दिवा लागत नसेल तर बल्ब काढून उलटा करून घाला. एलईडीला प्लस-मायनस कळतं, साध्या बल्बला कळत नव्हतं. ब्रेकच्या दुहेरी बल्बच्या दोन खिळ्या मात्र वर-खाली असतात, तो एकाच पद्धतीनं बसतो. जबरदस्तीनं उलटा फिरवला तर होल्डर मोडेल.

एच-४ एलईडी बसवल्यावर अप्पर-डिपर नीट बदलत नाही, किंवा डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद पेटत राहतो, असं झालं तर तुमच्या गाडीत स्विच बहुधा प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. अशा गाड्यांसाठी वेगळा जोड-कनेक्टर मिळतो. वायरी कापून अदलाबदल करत बसू नका. लाइट लुकलुकतो किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येते, तर नव्या गाडीचा कॉम्प्युटर गोंधळलेला असतो. एलईडी कमी करंट घेतो म्हणून त्याला वाटतं बल्बच नाही. त्यासाठी कॅनबस डिकोडर म्हणून मिळणारी डबी लागते. रेडिओत खरखर सुरू झाली तर बल्बच्या पाठीमागची ड्रायव्हरची डबी कारण असू शकते. ती अँटेनाच्या वायरीपासून लांब बांधा.

हीच डबी आणि बल्बमागचा पंखा हेडलाइटच्या मागच्या रबरी टोपीत मावत नाहीत. मग लोक टोपी काढून टाकतात, किंवा ब्लेडनं भोक पाडतात. पहिल्याच पावसात आत पाणी. काचेला आतून हलकं धुकं येऊन लाइट लावल्यावर अर्ध्या तासात जात असेल तर काळजी नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचलं असेल तर झाकण किंवा सील गेलं आहे. हेअर ड्रायरनं मंद हवेवर वाळवा, टोपी बदला. खाली ड्रिलनं भोक पाडू नका आणि सगळीकडे सिलिकॉनही फासू नका. हेडलाइटला श्वास घ्यायला कंपनीनं जागा ठेवलेली असते, ती बुजली की ओल आत कोंडते.

हॅलोजनच बदलत असाल तर काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. चुकून लागलं तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा.

इंडिकेटर फडफडतो

इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बाच्या जागी दोन-तीन वॉटचा एलईडी आला की फ्लॅशरला वाटतं, एक बल्ब गेला. तो मुद्दाम जोरात टिकटिक करतो, म्हणजे चालकाला कळावं. यात बिघाड काहीच नाही. एलईडीला चालणारा फ्लॅशर रिले मिळत असेल तर तोच सोपा उपाय. काही जण रेझिस्टर लावतात. चालतं, पण तो रेझिस्टर प्रत्येक टिकटिकीला २० वॉटच्या वर उष्णता सोडतो. तो प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला चिकटवला तर भाजून काढतो. उघड्या पत्र्यावरच स्क्रूनं आवळा.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा त्याच्याबरोबर लुकलुकतो, असली भुताटकी दिसली तर डोळे झाकून मागच्या लाइटची अर्थ तपासा. वीज परतीची वाट न मिळाल्यानं शेजारच्या बल्बातून जात असते. बॅटरीच्या मायनसवरून एक लांब वायर आणून त्या होल्डरच्या अर्थला टेकवा. सगळं सुरळीत झालं तर रोग सापडला.

मागच्या दिव्याबाबत एक गोष्ट अंधारात उभं राहून नक्की बघा. घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, आणि तुम्ही तीस-चाळीस पावलं मागे जा. स्वस्त एलईडीमध्ये नुसता मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांच्या उजेडात फरकच नसतो. मागच्या मोटारसायकलवाल्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. फरक ठळक दिसत नसेल तर जुना बल्ब परत घाला, दुसरा विचार नको. आणि लाल काचेमागे पांढरा नाही, लाल एलईडीच वापरा. पांढऱ्यानं ती गुलाबी दिसते.

समोरच्याचे डोळे

एलईडीचा सगळ्यात मोठा घोटाळा गाडीत बसून दिसतच नाही. हेडलाइटची चांदीची वाटी हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी बनवलेली असते. एलईडीच्या चिप त्या जागेवर नसतील तर उजेड रस्त्यावर न पडता वर उडतो. चालकाला समोरची झाडं लख्ख दिसतात म्हणून तो खूश. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला, बैलगाडीवाल्याला मात्र चार-पाच सेकंद काहीच दिसत नाही. एकेरी डांबरी रस्त्यावर, बाजूपट्टी खचलेली असताना, तो खाली उतरणार कुठे?

तपासणी भिंतीवर होते. सपाट जागेवर गाडी भिंतीला अगदी जवळ उभी करा, डिपर लावा आणि हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारा. आता गाडी सरळ २५ फूट मागे घ्या. डिपरच्या उजेडाची वरची कड रेघेपासून सुमारे तीन इंच खाली हवी, आणि फक्त डाव्या अंगाला थोडी वर चढलेली. कड वर असेल तर हेडलाइटमागच्या स्क्रूनं खाली आणा. कड दिसतच नसेल, सगळा विस्कटलेला उजेड असेल, तर बल्ब फिरवून बघा. चिप डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून हव्यात, वर-खाली नाही. तरीही कड येत नसेल तर तो बल्ब तुमच्या गाडीसाठी नाही. स्क्रू कितीही फिरवला तरी ते दुरुस्त होत नाही.

पिकअपवाल्यांसाठी आणखी एक. मागे कांद्याच्या गोण्या भरल्या की मागची बाजू दबते आणि लाइट आकाशाकडे बघतात. स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर माल भरल्यावर ते पुढच्या आकड्यावर न्या. कित्येकांना ते चाक कशाचं हेच माहीत नसतं.

कायद्याचंही सांगायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. दिव्यासमोर ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो दिपता कामा नये. म्हणजे समोरून येणारा दुचाकीस्वारच की. स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट परवानगीशिवाय लावता येत नाही. टपावरची एलईडी पट्टी शेतात कापणीला वापरा, रस्त्यावर आल्यावर झाकून ठेवा. ती थेट बॅटरीवर जोडली असेल तर बंद करायला विसरू नका. अर्धा अँपिअर खाणारी छोटी पट्टीसुद्धा रात्रभरात सहा अँपिअर-तास पिते, आणि जुनी बॅटरी सकाळी मान टाकते.

घाटातल्या धुक्यात पांढराशुभ्र एलईडी उलट तोंडावर येतो. तिथे डिपरवरच चाला, अप्पर मारलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि तुमची ट्रॉली असेल तर सगळ्या एलईडीआधी मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. ती वायरिंग मागत नाही.

हात कुठे लावायचा नाही

कुठलंही काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा, नेहमी मायनसच आधी. बल्ब आणि होल्डर थंड होऊ द्या. स्टिअरिंगजवळचा स्विच, एअरबॅगची पिवळी वायर आणि डॅशबोर्डमागचं जुडगं यांना घरी हात घालू नका, ते वायरमनचं काम आहे. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापायच्या आधी शोरूमला विचारा, नंतर वाद होतात.

चालत्या गाडीत जळका वास आला तर आधी नवे लाइट बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवून लांब न्या. बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल तर ते झटक्यात वर उचलू नका. हवा मिळाली की भडका उडतो. अग्निशामक सिलिंडर असेल तर फटीतूनच फवारा मारा. नसेल तर लांब उभे राहा आणि ११२ ला फोन करा. धूर पूर्ण थांबला, बॉनेट हाताला गरम लागत नाही, असं झाल्यावरच बॅटरीची मायनस काढा, आणि गाडी परत सुरू न करता ओढून न्या.